ड्रॉप-इन की पॉड: एअर फिल्टर बदलताना कार्बोरेटरचं काय?

बाइकचा एअर फिल्टर कुठल्या कंपनीचा घ्यायचा ते नंतर बघा. आधी मूळ एअरबॉक्स (फिल्टर ज्यात बसतो तो डबा) ठेवायचा की काढून टाकायचा ते ठरवा. कार्बोरेटरचं (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) काम अर्ध्या तासात उरकेल की त्यात सुट्ट्या जातील, हे त्यावर ठरतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: रोज वापरायच्या गाडीला बॉक्स ठेवून ड्रॉप-इन फिल्टर घालावा. बॉक्स उरलेलाच नसेल किंवा जेटिंग (जेट, म्हणजे पेट्रोल यायची बारीक भोकं असलेले तुकडे, बदलून मिश्रण जुळवणं) करत बसायची मनापासून हौस असेल, तरच पॉड.

ड्रॉप-इन मूळ कागदी फिल्टरच्या जागी, त्याच खाचेत बसतो. तो बहुधा तेल लावलेल्या सुती जाळीचा किंवा फोमचा असतो. पॉड म्हणजे बॉक्स काढून थेट कार्बोरेटरच्या तोंडावर क्लॅम्पने आवळायचा शंकू. बॉक्स तसाच ठेवून त्याच्या झाकणाला भोकं पाडायची, असाही एक मधला मार्ग आहे. पण तो मला आवडत नाही. पाडलेलं भोक नीट बुजवता येत नाही आणि जेटिंग पॉडइतकंच करावं लागू शकतं.

दोन्ही फिल्टरांमुळे मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, फरक फक्त प्रमाणाचा. कार्बोरेटर हवा मोजत नाही. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येतं. जेटचे आकार ठरवताना कंपनीने फिल्टर आणि बॉक्स यांचा अडथळाही हिशेबात धरलेला असतो. तो अडथळा कमी झाला की हवा जास्त येते, पण त्या मानाने पेट्रोलची ओढ वाढत नाही, उलट घटते. पेट्रोल पुरतं जळायला वजनाने १ भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि पूर्ण ताकद काढायची तर १२.५ ते १३ च्या आसपासचं, जरा रिच (पेट्रोल जास्त असलेलं) मिश्रण लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर थोडंफार सांभाळून घेतात. कार्बोरेटरमध्ये जेट आणि नीडल (जेटमधली पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई) यांना हात लावल्याशिवाय काही होत नाही.

बॉक्स ठेवला तर

ड्रॉप-इननंतर बऱ्याच गाड्यांना काहीच करावं लागत नाही. फार तर थ्रॉटल अर्धा असताना गाडी जरा कोरडी, ओढ नसल्यासारखी वाटते. तेव्हा नीडल एक खाच वर घ्यायची, म्हणजे क्लिप एक खाच खाली लावायची. काही गाड्यांच्या नीडलला खाचाच नसतात. तिथे नीडलच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा बारीक वॉशर घालून तेच साधतं. पायलट स्क्रू (आयडलिंगचं मिश्रण जुळवणारा) पाव-अर्धा आटा फिरवला की आयडलिंगही जागेवर येतं.

फायदा किती? ताकदीत खरं सांगायचं तर जेमतेम. धुऊन पुन्हा वापरता येतो, हाच मोठा फायदा. पण बारीक धूळ अडवण्यात चांगला कागदी फिल्टर सहसा सरस असतो, त्यामुळे धुळीच्या रस्त्यावरून रोज जाणाऱ्याने स्टॉक फिल्टरच वेळेवर बदलत राहिलेलं बरं. सुती फिल्टर धुतल्यावर सावलीत आपोआप वाळू द्यावा. कॉम्प्रेसरच्या हवेने जाळी फाटते. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते आणि जास्त झालं तर ते कार्बोरेटरमध्ये उतरतं.

बॉक्स काढला तर

इथे कार्बोरेटरचा प्रकार फार महत्त्वाचा. थ्रॉटलची केबल थेट स्लाइड (गळा कमी-जास्त उघडणारा सरकता तुकडा) उचलते, तो साधा स्लाइड कार्बोरेटर पॉडला बऱ्यापैकी जुळवून घेतो. सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) कार्बोरेटरमध्ये केबल फक्त फुलपाखरू (गोल झडप) उघडते आणि स्लाइड उचलण्याचं काम रबरी डायफ्रॅमच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक करतो. खालच्या बाजूचा दाब फिल्टरकडच्या तोंडातून येतो. बॉक्समध्ये ती हवा शांत असते. पॉडमध्ये वारा, खड्डे, शेजारून गेलेला ट्रक अशा सगळ्याचा तिच्यावर परिणाम होतो आणि स्लाइड थरथरते.

सीव्ही कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्च मारून बघा. काठाजवळ दोन-तीन बारीक भोकं दिसतील. एक डायफ्रॅमखाली जातं, बाकीची एअर जेटकडे (पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या छिद्रांकडे). स्वस्त पॉडच्या रबराला आतून एक ओठ असतो आणि तो नेमका या भोकांवर बसतो. मग मेन जेट (जास्त थ्रॉटलला पेट्रोल देणारा) कितीही बदला, गाडी मध्येच गुदमरत राहते आणि मिस्त्री बिचारा जेटांचे नंबर बदलत बसतो. पॉड घेताना आतला ओठ आधी पाहा. रंग आणि आकार नंतर.

शिवाय बॉक्स म्हणजे नुसता फिल्टरचा डबा नव्हे. त्याचा आकार आणि नळीची लांबी मधल्या आरपीएमला इंजिन नीट भरावं म्हणून बेतलेली असते. तो काढल्यावर वरच्या टोकाला थोडं मिळतं, पण मध्ये खड्डा पडतो, आणि रोजच्या वापरात गाडी मधल्या आरपीएमलाच चालते. ‘पॉड लावला आणि पिकअप वाढलं’ असं वाटण्यात आवाजाचा वाटा मोठा असतो. पावसात पॉडवर पाणी बसतं, ते वेगळंच. बऱ्याच ठिकाणी असा बदल उत्सर्जनाच्या नियमांतही बसत नाही, तेवढं आधी तपासा.

पॉडचं जेटिंग

सुरुवात जेटपासून करू नका. आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची मोकळी फट), नवा प्लग, इनटेकच्या रबराला चीर नाही ना, फ्लोटची (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, हे सगळं बघून घ्या. रबरातून हवा ओढत असेल तर लीनपणाचं कारण फिल्टर नसतोच.

मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या खोक्यावर चिकटपट्टी लावून शून्य, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा करा. या खुणांमुळे निम्मं भांडण मिटतं. मूठ उघडायला लागली तेवढ्यात पायलट जेट आणि पायलट स्क्रूचं राज्य असतं, पाव ते पाऊण नीडलचं आणि त्यापुढे मेन जेटचं. गाडी कुठे अडखळते ते खुणेवर पाहिलं की कशाला हात लावायचा ते कळतं.

क्रम मेन जेट, मग नीडल, शेवटी पायलट. मेन जेट दोन-तीन नंबर मोठा घेऊन सुरुवात करा, म्हणजे चूक झालीच तर रिच बाजूला होईल. लीन मिश्रणावर जोरात पळवलेलं इंजिन तापतं. टू-स्ट्रोकमध्ये तर तेल पेट्रोलमधूनच जात असेल, तर पेट्रोलबरोबर तेलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. मिकुनी आणि केहिनच्या जेटांचे नंबर एकमेकांना लागू होत नाहीत, त्यामुळे ‘मला ११० चालला’ हे ऐकून जेट घेऊ नका. जुना जेट ड्रिलने मोठा करण्याच्या भानगडीतही पडू नका.

पूर्ण थ्रॉटलवरून मूठ किंचित सैल सोडली आणि गाडीने उलट जोर धरला, तर मेन जेट लहान पडतोय. पूर्ण थ्रॉटलवरच बुडबुडल्यासारखा आवाज येऊन गाडी जड झाली, तर तो मोठा आहे. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होणं, आयडलिंग उंच अडकून सावकाश उतरणं, गरम गाडीलाही चोक आवडणं, ही पायलटच्या बाजूच्या लीनपणाची लक्षणं. पायलट स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर मिश्रण रिच होतं. फिल्टरच्या बाजूला असेल तर आत घातल्यावर. हे उलटं समजून दिवस घालवणारे पुष्कळ आहेत. हा स्क्रू इंजिन पूर्ण तापल्यावरच लावायचा.

प्लगचा रंग पाहायचा तर पूर्ण थ्रॉटलवर असतानाच क्लच दाबून किल स्विच मारायचा, तेही बंद ट्रॅकवर. आयडलवर घरापर्यंत आणलेल्या गाडीचा प्लग मेन जेटबद्दल काही सांगत नाही. तसंही शिसेविरहित पेट्रोलवर रंग फिके दिसतात. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण सांगणारा) बसवणं जमत असेल, तर त्याच्या आकड्यावर जास्त भरवसा ठेवा.

एक बारकी गोष्ट. जपानी कार्बोरेटरच्या बाउलचे (तळाच्या पेट्रोलच्या वाटीचे) स्क्रू फिलिप्ससारखे दिसतात, पण ते जेआयएस (जपानी मानक) मापाचे असतात. साध्या फिलिप्सने डोकी चटकन झिजतात, आणि पॉडसाठी बाउल पुन्हा पुन्हा उघडावा लागतो. योग्य पेचकस आधी घ्या.

चार सिलिंडर आणि चार सीव्ही कार्बोरेटर असतील, तर माझ्या मते पॉडचा विचारच सोडा. प्रत्येक जेट चार वेळा बदलायचा आणि शेवटी चारही सिंक करायचे, म्हणजे एकसारखे उघडतील असे जुळवायचे. एवढं करूनही बाजूच्या वाऱ्यात कडेचे दोन कार्बोरेटर वेगळे वागतात. सिंगल सिलिंडर, साधा स्लाइड कार्बोरेटर आणि बॉक्स आधीच गायब असेल, तर खुशाल पॉड लावा. फक्त मूळ जेट आणि नीडल लेबल लावून जपून ठेवा आणि आधीची क्लिप कितव्या खाचेत होती तेही लिहून ठेवा.