आपोआप उगवलेली रोपं: हलवावीत की जागीच विरळ करावीत?

पाऊस पडला की अंगणात तेरडा, गुलबक्षी, सदाफुली न पेरता उगवतात, तीही नेमकी पायवाटेत.

तेरडा हलवायला सोपा. चार-सहा पानांवर असताना संध्याकाळी खुरप्यानं मातीच्या गड्ड्यासकट उचलला, की एक-दोन दिवस मान टाकतो, मग सावरतो. मात्र सोलापूरची काळी माती ओली असताना खुरप्याला चिकटते, वाळली की दगड. वाफसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, हात घाला. गुलबक्षीचं मूळ गाजरासारखं जाड आणि खोल, ते हमखास तुटतं. ती जागीच विरळ करावी.

खरा फरक गोगलगायी पाडतात. हलवलेलं मलूल रोप शंखी गोगलगाय एका रात्रीत फस्त करते. जागच्या दाटीतली चार गेली तरी चार उरतात. उलट रोप कुंडीत हलवलं तर त्याची राखण सोपी. वाफ्याकडेला संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट टाका. उजाडताच खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ वाफ्यात नको, त्यानं जमीन खारावते.

मी तेरडा कुंडीत हलवतो, बाकी सगळं जागेवर. सदाफुलीची तर काळजीच नको, तिची कडू पानं सहसा कुणी खात नाही.