काचबिंदू कोणता ते आधी बघतात, मग औषध देतात (४ स्टार)

गेल्या आठ महिन्यात अप्पा (माझे वडील) आणि आत्या दोघांना घेऊन या डोळ्यांच्या दवाखान्यात सात-आठ चकरा झाल्यात, म्हणून एका भेटीवरून लिहीत नाहीये.

अप्पा तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते, सुताच्या धुळीनं दमा लागलेला. दिवाळीच्या आधी चष्म्याचा नंबर काढायला दुसऱ्या ठिकाणी गेलो तर डोळ्याचं प्रेशर जास्त आहे, काचबिंदू आहे म्हणले, ड्रॉप लिहून दिला आणि पाच मिनिटात बाहेर. कुठला काचबिंदू, डोळ्याची नस किती गेली, काही नाही. आठ दिवसात अप्पांना जिना चढताना धाप लागायला लागली, आम्ही आपलं थंडीनं दमा वाढला म्हणून फवारा चालू ठेवला. इथं आल्यावर डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न काय विचारला तर दमा आहे का. बाटली बघितली, टिमोलॉल होतं, तिथल्या तिथं बंद केलं. डोळ्यात टाकलेला थेंब नाकात उतरून रक्तात जातो आणि दमा असलेल्याला त्रास देतो, हे मला तेव्हा कळलं. डोळ्याच्या औषधाचा छातीशी संबंध असेल असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग तपासणी. प्रेशर उजव्यात २८, डाव्यात ३० (साधारण १० ते २१ असावं लागतं), पण मॅडम म्हणल्या नुसत्या आकड्यावर काचबिंदू ठरत नाही, काहींचं प्रेशर नॉर्मल असून पण नस खराब होते, म्हणून बुबुळाची जाडी, ओसीटी (नसेचा स्कॅन), फिल्ड टेस्ट (आजूबाजूचं किती दिसतं ते बटण दाबून बघायची टेस्ट) सगळं करायचं. आणि मेन म्हणजे आरसे बसवलेलं एक भिंग डोळ्याला टेकवून आतला कोन बघतात. आधीच्या ठिकाणी हे केलंच नव्हतं. अप्पांना मोरीचं उदाहरण देऊन सांगितलं, डोळ्यात सारखं पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या जाळीतून वाहून जातं, तुमची मोरी उघडी आहे पण जाळी तुंबलीय, म्हणून प्रेशर हळूहळू चढतं, दुखत नाही की लाल होत नाही, आणि एका डोळ्याला दिसत नाही ते दुसरा डोळा भरून काढतो म्हणून कळतच नाही. फिल्ड टेस्टच्या कागदावर डाव्या डोळ्याचा काळा पट्टा बघून अप्पा कितीतरी वेळ गप्प बसले होते. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं सांभाळायचं, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं पण त्यांच्या हातावर हात ठेवून सांगितलं.

लेझर किंवा ड्रॉप असे दोन पर्याय दिले, अप्पांनी ड्रॉप घेतला, लॅटानोप्रोस्ट, रात्री एकदाच. सिस्टरनी टाकायची पद्धत करून दाखवली, एकच थेंब, मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. फोडलेल्या बाटलीवर पेनानं तारीख घालायची, महिन्यानं टाकून द्यायची, आणि आपल्याकडचा मे महिना बघता फ्रीजमध्येच ठेवा म्हणल्या. आता प्रेशर १६-१७ वर आहे, पापण्या तेवढ्या लांब झाल्यात, ते त्या औषधानंच होतं म्हणे.

आत्याचं वेगळंच. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला म्हणून अक्कलकोटहून आमच्याकडे आली होती, रात्री अर्धं डोकं फुटायला लागलं, तीनदा उलटी, डोळा लालभडक, लाईटीभोवती रंगीत कडी दिसतात म्हणत होती. घराजवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं. सकाळी तिला घेऊन थेट इथं आले, प्रेशर ५४! लगेच सलाईन लावली, गोळ्या दिल्या, प्रेशर उतरल्यावर दोन दिवसांनी लेझर केलं. तिची जाळी तुंबलेली नव्हती, आतला रंगीत पडदा पुढं सरकून मोरीच्या तोंडावर फडकं बसावं तसा बसला होता, म्हणून लेझरनं त्या पडद्याला बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली. दुसरा डोळा दुखत नव्हता तरी त्याचा पण कोन अरुंद, म्हणून तिथं पण केलं. लेझर होईपर्यंत बाहुली मोठी करायचा ड्रॉप टाकू नका म्हणून फाईलवर लाल पेननं लिहिलं होतं. आत्याला मराठीपेक्षा कन्नड जवळची, तर तिथल्या एका ताईंनी सगळं परत कन्नडमध्ये सांगितलं, तेव्हा कुठं ती लेझरला तयार झाली. सख्खे भाऊ-बहीण, आजाराचं नाव एक, पण एकाला रोजचा ड्रॉप आणि एकीला लेझर. कोन बघितला नसता तर दोघांना एकच बाटली मिळाली असती!

ऑपरेशनची वेळ आमच्यावर आली नाही त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही. माझी पण तपासणी केली, वडलांना आहे म्हणल्यावर चाळिशीनंतर दरवर्षी बघायचं सांगितलंय.

आता एक स्टार का कापला. साडेनऊला नंबर लावून दोन वाजतात, म्हातारी माणसं जिन्यात बसलेली असतात, खुर्च्या कमी आणि मे महिन्यात कूलर बंद. अप्पांची पहिली फिल्ड टेस्ट चार तास बसवून दुपारी घेतली, थकून बटण दाबायचं राहून गेलं, रिपोर्ट धड आला नाही आणि परत पैसे भरून करावी लागली. ते पैसे घ्यायला नको होते. आणि औषधाचा कागद मराठीत द्या, घरी मी नसले की अप्पांना वाचता येत नाही.

पुढच्या महिन्यात दोघांची तारीख एकाच दिवशी मिळालीय. अप्पांची टेस्ट सकाळी पहिली घ्या एवढी काउंटरवाल्यांना विनंती.