उंदराच्या छातीसाठी नेब्युलायझर : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

पाळीव उंदराला छातीचा त्रास सुरू झाला की कोणीतरी हमखास सांगतं, ‘नेब्युलायझर घ्या’, म्हणजे सलाईनचं बारीक धुकं करणारं यंत्र. घ्याच, पण तो कशासाठी घेतोय हे डोक्यात पक्कं असू द्या. बहुतेक पाळीव उंदरांत मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जंतू पिल्लूपणीच आईकडून आलेला असतो आणि तो आयुष्यभर मुक्काम ठोकतो. त्याला आटोक्यात ठेवायचं काम पोटातून दिलेल्या अँटिबायोटिकचं. नेब्युलायझर कफ पातळ करतो आणि नाक मोकळं करतो. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी, त्यामुळे नाक चोंदलं की तो खाणंपिणं सोडतो. ते परत सुरू झालं तरी यंत्राचे पैसे वसूल.

बाजारात दोन प्रकार दिसतात. एक माणसांसाठीचा साधा काँप्रेसर, घरोघरी दम्यासाठी असतो तो, साधारण दीड-दोन हजारांत मिळतो. दुसरा हातात मावणारा, सेलवर किंवा यूएसबीवर चालणारा मेश, म्हणजे बारीक जाळीतून धुकं काढणारा. आवाज नाही म्हणून सगळे आधी मेशकडे वळतात. आमचं मत काँप्रेसरच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण हवा. काँप्रेसर मिनिटाला सहा-आठ लिटर हवा नळीतून ढकलतो, म्हणजे डब्यात तुषारांबरोबर ताजी हवाही येत राहते. मेश नुसतं धुकं सोडतो, हवा देत नाही. बंद डब्यात मेश लावला तर थोड्याच वेळात आतली हवा कोंदट आणि गरम होते, आणि आधीच धापा टाकणाऱ्या जनावराला तेच नको असतं. मेश वापरायचाच असेल तर झाकण बोटभर तिरकं उघडं ठेवावं लागतं, मग अर्धं धुकं बाहेर जातं. मेशची जाळीही लवकर चोंदते. वीज गेल्यावर मात्र तोच कामाला येतो. काँप्रेसरची घरघर उंदरांना सुरुवातीला झेपत नाही. यंत्र टॉवेलच्या घडीवर, नळी पुरेल तितकं लांब ठेवलं आणि पहिले एक-दोन दिवस दोन-तीन मिनिटांवरच थांबलं की ते सरावतात.

डबा हा या सगळ्यातला खरा भाग. एका उंदराला आठ ते दहा लिटरचा, दोघांना पंधराचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पुरतो. तीस लिटरच्या डब्यात तुषार विरून जातात आणि नुसतंच फरशी ओली झाल्याचं समाधान मिळतं. नळीचं भोक एका बाजूला, तळापासून साधारण एक तृतीयांश उंचीवर पाडायचं. औषधाचा कप डब्याच्या बाहेर उभा राहिला पाहिजे, आत फक्त त्याचं तोंड सेंटीमीटरभर डोकावेल इतकंच. कप आत ठेवला तर नळी कुरतडलीच समजा. शिवाय कप आडवा झाला की धुकं बंद पडतं. समोरच्या बाजूला अगदी वर, झाकणालगत, पाच मिलिमीटरची आठ-दहा भोकं हवा बाहेर जायला. ती खाली पाडली तर काय होतं हे बघण्यासारखं आहे: उंदीर भोकाशी जाऊन नाक बाहेर काढून बसतो, मिशा थरथरत असतात, डब्यात धुकं भरलेलं आणि हा बाहेरची हवा खातोय! भोकं सोल्डरिंग गनने पाडली असतील तर कडा पॉलिश पेपरने घासा. तळाला जुन्या टी-शर्टचा तुकडा घाला. ओल्या प्लास्टिकवर पाय घसरतो आणि उंदीर आणखी बिथरतो.

कपात ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन, तीन ते चार मिली. दहा मिलीच्या प्लास्टिक अँप्यूल मेडिकलमध्ये मिळतात. एक फोडायची, त्या दिवसापुरती वापरायची, उरलेलं फेकायचं. सलाईनची मोठी बाटली फोडून दिवसेंदिवस पुरवणं म्हणजे जंतूंची शेती. साधं किंवा डिस्टिल्ड पाणी नको, त्यात मीठ नसल्याने श्वासनळ्या आखडू शकतात. तीन मिली संपायला दहा-बारा मिनिटं लागतात. शेवटी कप फुरफुरायला लागला की तळाला थोडं उरलेलं असतं, ते उडत नाही, तिथेच थांबायचं. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ. मे महिन्यात दुपारी अजिबात नको. उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता शेपटीवाटे बाहेर पडते, आणि दमट गरम डब्यात तो मार्ग तोकडा पडतो.

सलाईनमध्ये साल्ब्युटामॉल (श्वासनळ्या सैल करणारं), जेंटामायसिन (अँटिबायोटिक), ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारं) यांतलं काही घालायचं का, आणि किती, हे पशुवैद्यांनी लिहून द्यायचं असतं. तोंडाने द्यायचं सिरप किंवा गोळी कुटून कपात टाकू नये. त्यातली साखर आणि भुकटी फुप्फुसात जाते, आणि कपही बाद होतो. आपल्याकडचा हमखास प्रयोग म्हणजे उकळत्या पाण्याचा वाफारा, वर निलगिरी नाहीतर कापूर. वाफेने भाजतं, निलगिरीने नाक आणखी चुरचुरतं आणि कापूर विषारी आहे. यातलं काहीही नको.

आता औषध, कारण यंत्र घेणारे निम्मे लोक इथेच अडखळतात. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका नसते, म्हणून त्या भित्तिकेवरच घाव घालणारी अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं त्याच्यावर चालत नाहीत. बहुधा डॉक्सीसायक्लिन आणि एन्रोफ्लॉक्सासिन एकत्र दिली जातात, तीही काही आठवडे. चौथ्या दिवशी उंदीर उड्या मारायला लागला म्हणून औषध बंद केलं की दुखणं परततं, आणि दुसऱ्या खेपेला जास्त चिवट असतं. डोस मिलिग्रॅममध्ये लिहिलेला असतो, मिली आपण काढायचे. समजा ३५० ग्रॅमचा उंदीर, डॉक्सी किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी १.७५ मिलिग्रॅम. औषध एका मिलीत ५ मिलिग्रॅम असेल तर ०.३५ मिली. हे इन्शुलिनच्या सिरिंजने (सुई काढून) मोजत असाल तर तिच्यावरचा आकडा वाचा. यू-४० सिरिंजवर ४० युनिट म्हणजे एक मिली, यू-१०० वर १०० युनिट. ०.३५ मिली पहिलीवर १४ युनिट होतात, दुसरीवर ३५. यू-४० मध्ये ३५ युनिट भरले तर अडीचपट औषध पोटात जातं. एक मिलीची साधी, ०.०१ च्या खुणांची सिरिंज घ्या आणि हा घोळच टाळा.

डॉक्सी आणि एन्रो दोन्हींना कॅल्शियमचं वावडं. दूध, दही, पनीर तर नकोच, पण आजारी जिवाला म्हणून प्रेमाने दिली जाणारी नाचणीची पेजही त्याच रांगेत बसते. डोसच्या आधी-नंतर दोन तास यातलं काही नको. कडवटपणा लपवायला पिकलेलं केळं किंवा थोडा मध चालतो. पाण्यात घोळलेली डॉक्सी अंधारात, फ्रीजमध्ये ठेवायची, आणि आठवड्यानंतर नवीन करायची. तोंड उघडं टाकून श्वास घेणाऱ्या उंदराला सिरिंजने काहीही भरवू नका, ते छातीत जातं. ही अवस्था घरगुती उपायांची नाहीच, ऑक्सिजन असलेल्या दवाखान्यात पळायची आहे.

गुण येतोय का हे शिंकांवरून ठरवू नये. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. दहा टक्के घट म्हणजे औषध बदलायचा फोन. झोपलेल्या उंदराच्या कुशीचा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढा, तो स्लो-मोशनमध्ये बघत श्वास मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाला ७० ते ११५ ठीक. त्याच्या वर, आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर ठीक नाही. डोळ्या-नाकाभोवतीचा लाल रंग रक्ताचा नसतो, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारं पोर्फिरिन नावाचं लाल रंगद्रव्य असतं ते. घाबरू नका, पण ताण किंवा आजार आहे एवढं समजा. म्हाताऱ्या उंदराला महिनाभर औषध देऊनही फरक नसेल तर हृदयाची तपासणी सुचवा. हृदयाच्या दुखण्यातही हुबेहूब असाच श्वास लागतो, आणि त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही.

आजारी उंदराला वेगळं ठेवायचा सल्ला सरसकट दिला जातो, तो मायकोप्लाझ्मापुरता निरर्थक आहे. सोबत्यांच्या अंगात जंतू आधीच असतो, आणि एकटं पडल्याचा ताण वर होतो. पिंजरा मात्र सुधारावा लागतो. मुताचा अमोनिया श्वासमार्ग जाळतो, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन दिवसांत वास येतो. पाइन-देवदाराचा भुसा काढून कागदाचा बिछाना घाला आणि रोज बदला. काचेच्या टाकीऐवजी जाळीचा पिंजरा हवा. उदबत्ती, डासांची कॉइल, धूप आणि मिरचीची फोडणी या चारांपासून पिंजरा लांब, दुसऱ्या खोलीत. हे न करता दिवसात दोनदा नेब्युलायझर लावणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरणं.

सफाईत कंटाळा नको. प्रत्येक वेळी कप सुटा करून गरम पाण्याने धुवा, झटका, स्वच्छ कपड्यावर वाळू द्या. दिवसातून एकदा एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग पाणी, अर्धा तास बुडवून ठेवायचा आणि मग खळाळून धुवायचा. नळी धुवायची नाही. आत थेंब दिसले तर कप काढून यंत्र दोन-तीन मिनिटं कोरडंच चालवा. धुकं पातळ झालं तर आधी काँप्रेसरचा स्पंजाचा फिल्टर बघा. केस आणि बिछान्याचा कचरा ओढून तो करडा पडतो. यंत्र बिघडलं असं समजून लोक दुसरं आणतात, तेव्हा बहुतेकदा फिल्टर किंवा कपातली बारीक नळकांडी चोंदलेली असते. बरीच यंत्रं सलग वीस-तीस मिनिटांवर चालवायची नसतात. दोन जोड्या उंदरांना लागोपाठ द्यायचं असेल तर मध्ये यंत्र थंड होऊ द्या.

घरात दम्याचं माणूस किंवा लहान मूल असेल आणि काँप्रेसर एकच असेल, तर कप आणि नळीचा वेगळा संच विकत घ्या, तो स्वस्तात सुटा मिळतो. त्यावर मार्करने खूण करा आणि तो उंदरांच्या सामानातच ठेवा.