तोल मोजायला किनेक्ट घेतला, त्याला पावलंच धड दिसेनात

मे महिन्यात दुपारी लाइट गेली, आली, परत गेली. पुन्हा आली तेव्हा किनेक्ट व्ही-२ चा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अंगाची हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा, अडॅप्टर मेलेला होता. कॅमेरा ठणठणीत, फक्त ती काळी डबी खलास. ज्याच्याकडून ऑनलाइन जुना सेट घेतला त्याचं उत्तर: ‘जुन्या मालाला गॅरंटी नसते, दुसरा सेट घ्या.’ डबीसाठी सेट! किनेक्टचं उत्पादन २०१७ मध्ये थांबलं, त्यानंतर काही महिन्यांत अडॅप्टरही बंद झाला, हे त्याला पक्कं ठाऊक. आठवडाभर भांडून मी नाद सोडला. शेवटी गोलाणी मार्केटमधल्या एका रिपेअरवाल्याने सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा अडॅप्टर त्याच वायरीला जोडून दिला. पैसे इतके कमी घेतले की मीच दोनदा विचारलं.

आता मूळ मुद्दा. मी जळगावात फिजिओथेरपिस्ट आहे आणि साखरेमुळे पावलं बधिर झालेले म्हातारे पेशंट माझ्याकडे बरेच. माणूस उभा राहतो तो डोळे, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय आणि पाय-सांध्यांकडून येणारी जाणीव, या तिघांच्या जिवावर. पायांची जाणीव गेली की डोळे मिटताच डुलायला लागतो. रोंबर्ग चाचणी म्हणजे हेच. पण केसपेपरवर लिहायचं काय, ‘जरा डुलले’? फोर्स प्लेट, म्हणजे पायाखालचा दाब मोजणारी पाटी, लाखांच्या घरात. म्हणून किनेक्ट घेतला. सॉफ्टवेअर किट फुकट, आकडे एक्सेलमध्ये उतरवायचं काम भाच्याने केलं.

आणि याला पावलंच नीट दिसत नाहीत. अंगावरचे २५ बिंदू धरतो; डोकं, खांदे, कंबर छान. घोट्याखाली आनंद. इन्फ्रारेड प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून हा अंतर काढतो. पाऊल फरशीला टेकलेलं, दोघांच्या अंतरात फरक तो किती? त्यात माझी फरशी चकचकीत. पारोळ्याकडचे एक बाबा खांबासारखे उभे आणि स्क्रीनवर त्यांची पावलं टुणटुण उडतायत. बाबा खाली बघून म्हणाले, ‘‘पाय त जागावरच शेतस मना!’’ कॅमेरा खाली घेतला, वर घेतला, पायाखाली जाड सतरंजी टाकली, पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावला. उन्हापुरता पडद्याचा उपयोग झाला, पावलांना नाही. धोतर असेल तर गुडघेही गायब. आता धोतरवाल्यांना आधी कासोटा घट्ट मारायला लावतो.

मार्चपर्यंत माझं मत ‘पैसे पाण्यात’ असंच होतं. मग पावलांचे रकाने एक्सेलमधून उडवले आणि फक्त कंबर-पाठीचे बिंदू ठेवले. शांत उभा माणूस बहुतांशी घोट्यातून डुलतो, उलट्या लंबकासारखा, त्यामुळे हालचाल वर जास्त दिसते. हे डुलणं असतंही संथ, सेकंदाला एका झोक्याहून बहुधा कमीच. सेकंदाला ३० फ्रेम त्याला पुरतात. दर महिन्याला त्याच जागी, त्याच अंतरावर उभं केलं तर सुधारतंय का बिघडतंय, एवढं कळतं. मात्र फोर्स प्लेटची बरोबरी नाही. तळपाय जमिनीवर दाब कसा फिरवतो ते प्लेट सांगते, कॅमेरा फक्त शरीर कुठे गेलं ते दाखवतो.

खरी मजा आली ती हात पुढे नेण्याच्या चाचणीत, म्हणजे फंक्शनल रीचमध्ये. ही १९९० पासूनची. भिंतीवर टेप लावायची, पावलं न हलवता हात किती पुढे जातो ते बघायचं. १५ सेंमीच्या आत असेल तर पडायचा धोका जास्त. टेपवर दोन आज्या सारख्याच. कॅमेऱ्यात बघितलं तर एक घोट्यातून सरळ पुढे झुकलेली, दुसरी कंबर मागे काढून खांदा वळवून सेंटिमीटर चोरणारी! दोघींचा व्यायाम वेगळा दिला. एवढ्यासाठी मी याला माफ केलं.

त्याच्या पुढचा ॲझ्युअर किनेक्ट ३२ बिंदू धरायचा, तोही २०२३ मध्ये बंद झाला. म्हणजे जुन्याच मालात शोधणं आलं. कुणी घेणार असाल तर कॅमेऱ्याचा फोटो नंतर, आधी अडॅप्टर चालू असल्याचा व्हिडिओ मागा. कॉम्प्युटरला यूएसबी ३ हवंच. आणि स्टॅबिलायझरचे पैसे किमतीत धरूनच भाव करा. आपल्याकडची लाइट या कॅमेऱ्याला सोसत नाही.