इग्वाना नर घ्यावा की मादी? मराठवाड्याच्या हवेत केलेली पारख

दुकानात इग्वानाचं, म्हणजे मोठ्या हिरव्या परदेशी सरड्याचं, वीतभर पिल्लू हातावर ठेवून "हा नर आहे, थोडा महाग पडेल" असं सांगितलं, तर त्या 'नर'पणाचे जादा पैसे देऊ नका. पिल्लाकडे नुसतं पाहून नर-मादी ओळखता येत नाही. फरक उठून दिसायला दोन-अडीच वर्षं जातात. पिल्लाचं लिंग छातीठोकपणे सांगणाऱ्या दुकानाला या बाबतीत ५ पैकी १ गुण, तोही पिल्लू हाताळू दिल्याबद्दल.

नर-मादी ठरवूनच घ्यायचं असेल तर वाढलेला इग्वाना पाहा. मागच्या मांड्यांच्या खालच्या बाजूला छिद्रांची एक ओळ असते. नराची छिद्रं मोठी, मेणचट आणि वर आलेली; मादीची टाचणीच्या टोकाएवढी. नराच्या शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे दिसतात. त्याचे गाल भरलेले, गळ्याची झालर मोठी आणि पाठीवरचे काटे उंच असतात. सळई घालून लिंग तपासायचं काम सरपटणाऱ्या प्राण्यांचा सराव असलेल्या डॉक्टरचंच, दुकानदाराचं नव्हे.

नर शेपटीसकट पाच-सहा फुटांपर्यंत जातो. वर्षातून एकदा, साधारण महिना ते तीन महिने, तो माजावर येतो: अंगावर नारिंगी झाक, मान वरखाली, झालर ताणलेली, खाणं कमी. या दिवसांत चावा टाके घालण्याइतका खोल जाऊ शकतो. काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब पाहूनही तो भडकतो, म्हणून काच झाका, खाणं पिंजऱ्याच्या खिडकीतून सरकवा, लहान मुलांना लांब ठेवा. दोन नर एका पिंजऱ्यात कधीच नकोत.

मादी आकाराने थोडी लहान, स्वभावाने बहुधा शांत. पण जोडीदार नसतानाही ती अंडी घालते, एका खेपेला २० ते ७० पर्यंत. त्याआधी काही आठवडे तिचं खाणं जवळजवळ बंद होतं आणि ती जागा उकरत फिरते. तिला आत शिरून वळता येईल असं मोठं टब किंवा आडवं कापलेलं टिपाड द्या, त्यात दीड फूट ओलसर माती. आपली काळी माती एकटी चालत नाही: ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते. निम्मी वाळू मिसळा; मुठीत गोळा झाला पाहिजे, पाणी निथळता कामा नये. जागा मिळाली नाही, कॅल्शियम कमी पडलं किंवा अंगात पाणी कमी असलं तर अंडी अडकतात. पोट फुगलेलं आणि मादी मलूल पडलेली दिसली की त्याच दिवशी एक्स-रे. उशीर जिवावर बेततो.

म्हणूनच आमचा कौल नराला. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी ठक्क, तेव्हा अंगातलं पाणी टिकवणं अवघड. अंडी अडकली तर शस्त्रक्रिया करणारा सर्जन जवळ हवा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण तिथे इग्वानाची शस्त्रक्रिया होते का, हे प्राणी घेण्याआधीच विचारून ठेवा. नराचा माज पिंजरा बंद ठेवून निभावता येतो. अडकलेल्या अंड्यांवर घरगुती तोडगा नाही. डॉक्टर हाताशी असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर मात्र मादीच बरी.

बाकी बडदास्त दोघांचीही सारखीच. पिंजरा किमान सहा फूट लांब, तीन रुंद, सहा उंच. शेकायची जागा ३५ ते ३८ अंश, थंड बाजू २६ ते २९. यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी) वर्षाच्या आत बदला, कारण उजेड दिसत राहिला तरी किरण मंदावतात. काचेतून तर ते जातच नाहीत. आर्द्रता ६० ते ८० टक्के हवी. उन्हाळ्यात कूलर मदतीला येतो, पण झोत थेट अंगावर नको. डुंबायच्या टबाचं पाणी रोज बदलावं लागतं. टँकरवर दिवस काढणाऱ्या गल्लीत हेही धरून चला. हिवाळ्यात परभणीकडे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतो.

खायला शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लसूणघास, भोपळा. वरून फॉस्फरसविरहित कॅल्शियमची भुकटी. पालक, चुका रोज नको. अंडं, मांस, किडे अजिबात नको, मूत्रपिंडं जातात. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूचा धोका असतो.

वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर इग्वानाची नोंद करावी लागते. विक्रेत्याकडे आधीची नोंद नसेल तर व्यवहार सोडा. नोंदीची प्रत घरात हाताशी ठेवा, कारण गल्लीत कुणीतरी इग्वानाला घोरपड समजणारच, आणि घोरपड पाळणं गुन्हा आहे.