ऑल-एज चर्च कॅम्प: प्रोग्रामला ५ स्टार, खोल्यांना २

आधीच सांगतो, अख्ख्या मंडळीसाठी कॅम्प बघत असाल तर या रिट्रीट सेंटरचा प्रोग्राम डोळे झाकून घ्या, खोल्या मात्र डोळे उघडे ठेवून.

बहुतेक चर्च कॅम्प नावालाच सगळ्यांचे असतात. एकाच बसमधून जायचं आणि उतरलं की मुलं संडे स्कूलच्या टीचरकडे, तरुण संघ गिटार घेऊन झाडाखाली, बायका एकीकडे, म्हातारी माणसं खुर्च्यांवर, म्हणजे रविवारी जे होतं तेच फक्त गाव बदलून. (संडे स्कूलला नावं ठेवत नाहीये हां, १७८० मधे रॉबर्ट रेक्सने ग्लॉस्टरला ते सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना रविवारी वाचायला शिकवायला, गरजच होती तेव्हा.) इथे पोचल्या पोचल्या मिक्स ग्रुप पाडले. प्रत्येक ग्रुपमधे शाळकरी पोरं, कॉलेजवाले, मधल्या वयाचे आणि एकदोन आजी-आजोबा, नवराबायको मुद्दाम वेगळ्या ग्रुपात. सुरुवातीला कुरकुर झालीच.

पण खरी कमाल ड्युटीची. भांडी घासणं, हॉल झाडणं, सतरंज्या घालणं, सगळं ग्रुपने, पाळकांनाही (म्हणजे पास्टरनाही) सूट नाही. आमचे खजिनदार आणि कानात सतत इअरफोन असलेला एक पोरगा बेसिनपाशी शेजारी शेजारी उभे, एक घासतोय एक पुसतोय, आणि पातेलं नीट निघालं नाही म्हणून पोरगा त्यांना ते परत देतोय, हे मी याचि डोळा पाहिलं. चर्चमधे हे दोघं हॅलोच्या पुढे कधी गेले नसतील.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे दगडांचा खेळ. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात ४थ्या अध्यायात इस्राएली लोक यार्देन ओलांडल्यावर नदीतले १२ धोंडे उचलून ठेवतात ना, पुढे मुलं विचारतील याचा अर्थ काय तेव्हा सांगता यावं म्हणून, तेच धरून मोठ्यांनी एकेक दगड निवडायचा आणि प्रश्न फक्त मुलांनी विचारायचे. कायम शेवटच्या बाकावर बसणारे एक आजोबा सांगायला लागले की जुन्या चर्चचं छप्पर गळायचं आणि पावसात छत्री उघडूनच उपासना व्हायची. एका चिमुरडीने विचारलं, मग गाण्याचं पुस्तक कसं धरायचात? तर म्हणे छत्री माझ्याकडे, पुस्तक हिच्याकडे, लग्न नंतर झालं. आख्खा ग्रुप हसून फुटला. आजी पलीकडच्या ग्रुपमधून बघत होत्या काय चाललंय म्हणून.

इंग्लंडमधे २००४ पासून चालू असलेलं मेसी चर्च साधारण याच वळणाचं आहे, सगळ्या वयांनी मिळून हातकाम, मग छोटी उपासना, मग जेवण. सेंटरवाल्यांनी रात्रीच्या सेशनला हे का लावलं नाही कळत नाही, कारण तिथे वक्त्यांनी इतकं ताणलं की अर्धी मुलं सतरंजीवरच आडवी, आणि त्यांना उचलून नेता नेता आयांचं शेवटचं अर्धं सेशन बुडालं.

आता खोल्या. सगळीकडे बंक बेड, गुडघे दुखणाऱ्या मावशींना वरचा बेड मिळाला, बाथरूमला जायला बाहेरच्या पायऱ्या आणि तिथे दिवा नाही. फॉर्मवर नुसतं ‘कुटुंब’ असल्यामुळे एकट्या राहणाऱ्यांना कुठे टाकायचं हेच ठरेना, एका ताईंना शेवटी स्टोअररूमशेजारची खोली दिली. त्यांना वाईट वाटलं आणि वाटणारच, कॅम्पला यायची गरज सगळ्यात जास्त अशाच माणसांना असते.

घरी आल्यावर पुढे काय, यासाठी सेंटरकडून काही मिळत नाही. आम्ही तेच ग्रुप ठेवून महिन्यातून एका रविवारी चर्चची साफसफाई लावलीय, येणारे येतात, कॉलेजवाले उशिरा येतात. तुम्ही जाणार असाल तर तळमजल्यावरच्या खोल्या आधी लेखी घ्या, फोनवर सगळ्याला हो म्हणतात.