स्पेलिंग: घोकायचं की ऐकून लिहायचं?

घोकंपट्टीचा फायदा झटपट दिसतो. दहा शब्द पाठ, दहापैकी दहा गुण. पण आठवड्याने चार ओळी लिहायला सांगितल्या की तेच शब्द चुकतात. अक्षरांची माळ पाठ झालेली असते, आवाजाशी तिचं नातं जुळलेलं नसतं.

ऐकून लिहिणारं मूल सुरुवातीला भरपूर चुकतं. 'ट्रेन'ची सुरुवात टी-आरऐवजी सी-एच-आर अशी करतं. हसू नका, इंग्रजी उच्चार नीट ऐका: 'ट्र'मधला 'ट' खरंच 'च'कडे झुकतो. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये अशाच चुका तपासून दाखवलं, की त्यांच्यामागे मुलांचं बारीक ऐकणं असतं. मला तरी अशी चूक पोपटपंचीपेक्षा मोलाची वाटते.

मात्र कान सगळीकडे पुरत नाही. इंग्रजीत ध्वनी सुमारे ४४, अक्षरं २६. गुडघ्याला 'नी' म्हणतात, त्यातला मुका 'के' कोणाला ऐकू येणार? (आपल्याकडेही 'पाणि' की 'पाणी' हे कानाला कळत नाही, शेवटचा इकार दीर्घ, हे सांगावंच लागतं.) अशा आडमुठ्या शब्दांपुरतं पाठांतर चालेल, तेही हाताने लिहून.